ईसीजीच्या पट्टीवरची बिघडलेली लय ओळखायला तुम्ही कसं शिकलात?

अबोली
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी माझी बदली सर्जिकल वॉर्डातून हृदयरुग्णांच्या कक्षात झाली. इथे टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या पेशंटच्या लाइनी एकाखाली एक पळत असतात. त्यातली कुठली बिघडली हे पाळीवरच्या सिस्टरने ओळखायचं असतं. प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, मार्कही बरे पडले. तरी गेल्या आठवड्यात चुकले.

एका आजोबांचे ठोके पहाटे अनियमित पडायला लागले. मी पट्टी काढली, अंतरं कमीजास्त दिसली आणि 'एट्रियल फिब्रिलेशन' (एएफ, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची क्रमाविना थरथर) असं लिहून टाकलं. सकाळी राउंडला डॉक्टरांनी ती पट्टी उजेडात धरली, खिशातलं पेन काढलं आणि एकेका पी लहरीच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या छोट्या उंचवट्याच्या, डोक्यावर टिंब द्यायला लागले. सगळी टिंबं सारख्या अंतरावर, एकही इकडेतिकडे नाही. मग पी पासून क्यूआरएसपर्यंतचं (खालच्या कप्प्यांच्या टोकदार लहरीपर्यंतचं) अंतर, म्हणजे पीआर, सेकंदांत मोजून त्यांनी खाली आकडे लिहिले: ०.२०, ०.२८, ०.३२. चौथ्या टिंबाखाली क्यूआरएसच नाही. पुढे परत ०.२०. वेंकेबाख होता तो, म्हणजे वरून खाली जाणारा संदेश दर ठोक्याला उशिरा होत होत शेवटी एक अडतो. आजोबांना बीटा ब्लॉकर हे ठोके संथ करणारं औषध चालू होतं आणि सकाळची गोळी मी ट्रेमध्ये काढूनही ठेवली होती. ती वेळेवर थांबवली गेली.

डॉक्टर रागावले नाहीत, पण ती टिंबांची पट्टी डोळ्यांपुढून जात नाही. वेंकेबाखची व्याख्या मला झोपेतून उठवलं तरी सांगता येते. खरी पट्टी हातात आली की मात्र सगळं एकात एक मिसळतं. तुम्ही कसे शिकलात? नजर कशाने बसली?

इंटर्न_अजून
सोमवार, रात्री ११:०५

हाच प्रश्न मलाही आहे. वाचनखूण साठवली.

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११:५१

अबोली, आयसीयूत चोवीस वर्षं झाली म्हणून सांगते. तुझी चूक एकाच जागी झाली, आणि ती सगळ्यांची तिथेच होते. तू आधी नाव ठेवलंस आणि पट्टी नंतर बघितलीस. अनियमित म्हटलं की एएफ, रुंद म्हटलं की व्हीटी (खालच्या कप्प्यांतून उठणारी वेगवान लय) अशा जोड्या डोक्यात तयार असतात आणि डोळे त्यांच्यामागून जातात.

मी नव्या मुलींना पहिला महिनाभर लयीचं नावच घेऊ देत नाही. फक्त दिसतं ते बोलायचं. गती किती? ठोके सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर त्या अनियमितपणात काही क्रम आहे का, की काहीच नाही? पी दिसते का, सगळ्या एकाच घडणीच्या आहेत का? प्रत्येक पी मागे क्यूआरएस आणि प्रत्येक क्यूआरएसपुढे पी आहे का? पीआर किती, आणि तो दर ठोक्याला तेवढाच राहतो का? क्यूआरएस अरुंद की रुंद? एवढं मोठ्याने बोलून झालं की नव्वद टक्के वेळा नाव आपोआप तोंडात येतं. तुझ्या पट्टीत 'पी सारख्या अंतरावर आहेत' एवढं एकच वाक्य उच्चारलं असतंस तर एएफ हा शब्द हातून लिहिलाच गेला नसता.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. पट्टी हातात घेण्याआधी पेशंटचं मनगट हातात घ्यायचं. पडद्यावर अगदी सुबक ठोके पडत असताना खाली नाडी नाही, हे मी पाहिलं आहे. विजेचा हिशोब बरोबर आणि पंप बंद. त्या वेळी पडद्याकडे बघत बसणाऱ्याचा वेळ पेशंटचा जातो.

चौकोनी_वही
मंगळवार, सकाळी ७:१८

ताईंना +१. मी मोजमापाचं सांगतो, कारण मला तिथूनच उजेड पडला.

कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो. म्हणजे एक छोटं घर ०.०४ सेकंदाचं आणि पाच छोट्यांचं एक मोठं घर ०.२० सेकंदाचं. दोन क्यूआरएसमध्ये किती मोठी घरं आहेत ते मोजून ३०० ला भागायचं. एक घर असेल तर ३००, दोन असतील तर १५०, तीन १००, चार ७५, पाच ६०, सहा ५०. हे आकडे पाठच असले पाहिजेत. पण लय नियमित असेल तरच. अनियमित असेल तर तीस मोठी घरं म्हणजे सहा सेकंद घ्या, त्यातले क्यूआरएस मोजा आणि दहाने गुणा. अनियमित पट्टीला ३०० चा हिशोब लावून कुणी १२० सांगतं, कुणी ७०, आणि मग दोघं भांडत बसतात.

दुसरं, अंतर मोजायचा कॅलिपर नसला तरी अडत नाही. कोऱ्या कागदाची सरळ कड पट्टीला लावा. लागोपाठच्या दोन पी लहरींखाली पेन्सिलीने दोन खुणा करा आणि कागद उजवीकडे सरकवत न्या. पुढची पी दुसऱ्या खुणेवर आली पाहिजे. नाही आली तर तिथे थांबा, काहीतरी घडलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी टिंबं दिली ती हीच रीत. डोळ्यांना 'साधारण सारखं' वाटतं तिथे कागदाची कड बरोबर पकडते.

सामान्य आकडेही ठेवा जवळ: पीआर ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे तीन ते पाच छोटी घरं. क्यूआरएस ०.१२ च्या आत, म्हणजे तीन घरांपेक्षा कमी.

झटपट
मंगळवार, सकाळी ९:३३

थोडा वेगळा सूर लावतो. मी इमर्जन्सीत रेसिडेंट आहे. कागदाची कड सरकवायला आम्हाला वेळ कुठे मिळतो? पेशंट कोसळला की पहिला प्रश्न एकच, शॉक द्यायचा की नाही. व्हीएफ (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) आणि नाडी नसलेली व्हीटी, द्यायचा. सपाट रेघ किंवा नाडीविना चालणारी बाकीची लय, नाही द्यायचा. हे ओळखायला एक नजर पुरली पाहिजे, आणि ती नजर शेकडो पट्ट्या बघूनच येते. ओळखीचा माणूस समोर आला की आपण नाक, डोळे, कान तपासत नाही, चेहराच ओळखतो. तसंच आहे हे. रोज वीस पट्ट्या बघा, उत्तर बघा, पुढे चला.

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २:१०

झटपट, कोसळलेल्या पेशंटच्या बाबतीत सहमत. पण चेहरा ओळखण्यात गफलतही होते ना. एक प्रसंग सांगते.

पहाटे अलार्म वाजला, पडद्यावर रुंद, वेगवान लाटा. हुबेहूब व्हीटी. नवी सिस्टर डिफिब्रिलेटर (शॉकचं यंत्र) ओढतच खोलीत शिरली. पेशंट बेसिनपाशी उभे राहून दात घासत होते, हातातला ब्रश जोरात चाललेला. आम्ही ती पट्टी नंतर टेबलावर पसरली. त्या लाटांच्या मधूनमधून छोटी अणकुचीदार टोकं डोकावत होती. आधीच्या शांत भागातलं आर ते आर अंतर (एका क्यूआरएसच्या टोकापासून पुढच्याच्या टोकापर्यंतचं) कागदावर घेऊन पुढे सरकवलं, तर प्रत्येक टोक नेमकं खुणेवर. खरा क्यूआरएस त्या गोंधळात आपल्या गतीने चालूच होता. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याची लाटही त्याच जुन्या गतीने वरखाली होत होती.

तेव्हा नजर हवीच, पण नजरेने सांगितलेलं पडताळायची सवयही हवी. आणि दोन्हीच्या आधी पेशंट.

विद्युत
मंगळवार, सायंकाळी ६:४५

मी डॉक्टर नाही, या यंत्रांची देखभाल करतो. पट्टीवर दिसतं ते सगळं हृदयाचं नसतं, हे आमच्या बाजूने सांगायला हवं.

पट्टी वाचण्याआधी तिच्या कडेला छापलेलं वाचा. वेग २५ आहे की ५०? कुणी ५० वर ठेवून गेलं असेल तर सगळं दुप्पट रुंद दिसेल आणि गती निम्मी येईल. उंचीचं प्रमाण १० मिमीला १ मिलिव्होल्ट आहे का? ते कमी ठेवलं असेल तर बारीक व्हीएफ सपाट रेघ वाटू शकते. म्हणूनच सपाट रेघ दिसली की आधी पेशंट, मग वायर, मग प्रमाण, मग दुसरी लीड (हृदयाकडे बघायची दुसरी दिशा) असं बघायचं. बारीक दातेरी, अगदी एकसारखी जाड रेघ म्हणजे बहुतेक वेळा विजेच्या लाइनचा अडथळा. रेघ लाटेसारखी वरखाली तरंगत असेल तर श्वास किंवा सुटत आलेला इलेक्ट्रोड. थंडीने किंवा कंपवाताने हात थरथरत असतील तर फ्लटरसारखे (वरच्या कप्प्यांच्या वेगवान, नियमित लयीसारखे) करवतीदात दिसतात, आणि ते छातीच्या लीडमध्ये बहुधा गायब असतात.

थोडं अवांतर: ईसीजी यंत्र घडवणारे आइन्थोव्हेन यांचं पहिलं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवत. यंत्र हलवता येत नव्हतं म्हणून १९०५ साली त्यांनी इस्पितळातल्या पेशंटची लहर टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आणली. पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरंही त्यांचीच. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं. अबोलीताई, तुमचा तो मोठा पडदा त्या तारेचाच वंशज आहे.

हृदयस्थ
मंगळवार, रात्री १०:२०

विद्युत यांच्या इतिहासात एक भर घालतो, कारण ती मूळ प्रश्नाशी जोडलेली आहे. वेंकेबाख यांनी ही लय १८९९ साली मांडली, म्हणजे आइन्थोव्हेन यांचं यंत्र यायच्याही आधी. त्यांच्याकडे फक्त मनगटाच्या नाडीचा आलेख होता. ठोके गटागटाने पडतात, गटातली अंतरं किंचित कमी कमी होत जातात आणि मग एक मोठी फट, एवढ्यावरून त्यांनी आत काय घडत असेल ते ताडलं. अबोली, तुमच्या आजोबांची पट्टी तशीच बघा. पीआर ०.०८ ने वाढला, मग फक्त ०.०४ ने. म्हणजे वाढ दर वेळी कमी होत गेली, आणि म्हणून पीआर लांबत असूनही आर ते आर अंतर आखूड होत गेलं. गट दिसला की वेंकेबाखची शंका घ्यायची. एएफमध्ये असा गट पुन्हा पुन्हा येत नाही. तिथला अनियमितपणा क्रमाविना असतो. मोबित्झ यांनी १९२४ मध्ये अशा ठोका गळण्याचे दोन प्रकार वेगळे केले, वेंकेबाख हा पहिला. दुसऱ्या प्रकारात पीआर तेवढाच राहतो आणि अचानक एक क्यूआरएस गळतो. तो जास्त धोक्याचा, कारण तो कधी पूर्ण ब्लॉकमध्ये (वरून खाली काहीच न पोचण्यात) जाईल याचा भरवसा नसतो.

आता माझी गोष्ट. रजिस्ट्रार होतो. रात्री एक गृहस्थ आले, गती १७० च्या घरात, क्यूआरएस रुंद, पूर्ण नियमित. गृहस्थ खाटेवर बसून माझ्याशी नीट बोलत होते, रक्तदाबही बरा होता. मी मनाशी म्हटलं, व्हीटी असती तर हा माणूस असा बोलत नसता, ही एसव्हीटीच (वरून येणारी वेगवान लय), बंडल ब्लॉकमुळे (खाली जाणाऱ्या एका फांदीतल्या अडथळ्यामुळे) रुंद दिसते आहे. आणि शिरेतून व्हेरापामिल हे एसव्हीटीवरचं औषध दिलं. मिनिटभरात रक्तदाब कोसळला, बोलणं थांबलं. शॉक दिला आणि ते परत आले. नंतर जुना कागद मागवला तर दोन वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेला. मी ते विचारलंच नव्हतं.

त्या रात्रीपासून पेशंट बोलतो आहे म्हणून व्हीटी नाही, हे मी कधीच मानलं नाही. रुंद आणि वेगवान दिसली की उलट सिद्ध होईपर्यंत ती व्हीटी. प्रत्येक नव्या मुलाला मी ही गोष्ट सांगतो आणि दर वेळी सांगताना त्या गृहस्थांचा चेहरा समोर येतो.

इंटर्न_अजून
मंगळवार, रात्री १०:५८

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. असं उघडपणे कुणी सांगत नाही. पण मग पट्टीवर व्हीटीच्या बाजूने काय शोधायचं?

हृदयस्थ
मंगळवार, रात्री ११:३०

पी शोधायची. पुन्हा तेच. रुंद लाटांच्या मधून आपल्याच संथ गतीने चालणाऱ्या, क्यूआरएसशी काही देणंघेणं नसलेल्या पी दिसल्या तर वरचे आणि खालचे कप्पे वेगळे चालले आहेत, म्हणजे व्हीटी. अधूनमधून एखादी पी नेमकी वेळ साधते आणि एक अरुंद, नेहमीसारखा ठोका पडतो, त्याला कॅप्चर म्हणतात. कधी अर्धा इकडचा अर्धा तिकडचा असा मधल्या आकाराचा ठोका दिसतो, तो फ्यूजन. ही लक्षणं सापडली तर व्हीटी पक्की. सापडली नाहीत म्हणून व्हीटी नाही असं मात्र होत नाही. आणि आधी हार्ट अटॅक येऊन गेला आहे का हा प्रश्न कुठल्याही पट्टीइतकाच मोलाचा.

अरुंद आणि वेगवान लयीचंही एक सांगतो. गती १५० च्या आसपास आणि घड्याळासारखी नियमित असेल तर फ्लटर शोधा. वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास आणि दोनातला एक ठोका खाली पोचतो, म्हणून १५०. दुसरी लहर क्यूआरएसमध्ये किंवा त्यामागच्या टी लहरीत बुडलेली असते. लीड टू ची पट्टी उलटी धरून बघा, कधीकधी करवतीचे दाते एकदम डोळ्यांत भरतात. बिक्स यांचा नियमही हेच सांगतो: पी जर दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध दिसत असेल तर तिची जोडीदार क्यूआरएसच्या आत लपलेली असू शकते.

तंत्रज्ञ_केतकी
बुधवार, सकाळी ८:०५

मी रोज चाळीस-पन्नास ईसीजी काढते. वाचणाऱ्यांनी माझ्या टेबलाचाही विचार करावा म्हणून लिहिते.

लीड वन मध्ये पी, क्यूआरएस, टी सगळं उलटं आणि एव्हीआर या लीडमध्ये सगळं सरळ दिसलं तर नवीन आजार शोधू नका, आधी डाव्या-उजव्या हाताच्या वायरी तपासा. अदलाबदल झाली की असंच दिसतं. मॉनिटरच्या पट्टीत सारखा गोंधळ येत असेल तर इलेक्ट्रोड बदला. तीन दिवसांचा सुकलेला जेल असतो, घामाने सुटलेला असतो. कातडी पुसून, कोरडी करून, गरज असेल तर केस काढून नवा चिकटवला की निम्मे अलार्म बंद होतात. पी नीट दिसायला हवी असेल तर लीड टू किंवा व्ही वन लावा. शेजारच्या दोन लीड एकत्र बघितल्या तर एकीत बुडलेली पी दुसरीत वर आलेली असते.

डायलिसिस_डायरी
बुधवार, सकाळी ११:४०

आमच्या विभागातलं एक चित्र जोडते. पेशंटची एक पाळी चुकली, दोन दिवस उशिरा आले, पाय लटलटताहेत म्हणाले. मॉनिटर लावला. टी उंच, अरुंद, तंबूच्या टोकासारखी. पी जवळजवळ पुसून गेलेली. क्यूआरएस पसरलेला. आणि गती मात्र संथ. शिकाऊ मुलगा म्हणाला, संथ व्हीटी आहे. आमच्या इनचार्जताईंनी पट्टीकडे एकदा बघितलं, म्हणाल्या पोटॅशियम, आणि डॉक्टर येईपर्यंत कॅल्शियम ग्लुकोनेट काढून तयार ठेवलं. ते शिरेतून गेल्यावर क्यूआरएस डोळ्यांदेखत आवळत गेला. तो आवळताना पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पट्टीवरची रुंदी म्हणजे आतल्या पेशींचं काहीतरी चाललेलं असतं.

रुंद, संथ आणि विचित्र दिसलं की रक्तातलं पोटॅशियम आठवा.

झटपट
बुधवार, दुपारी १:१५

डायलिसिस_डायरी, हे लाख मोलाचं. आणि रात्रपाळीताई, ब्रशची गोष्ट मी आज सकाळी आमच्या बॅचला सांगितली. पडताळणीचं मान्य. काल रात्री एका पट्टीवर कागदाची कड लावूनही पाहिली, दहा सेकंदही लागले नाहीत.

एक भर: व्हीएफसारखी दिसणारी पण टोकं हळूहळू वरून खाली, खालून वर पिळत जाणारी लाट असेल, पिळलेल्या रिबिनीसारखी, तर टोर्साड. देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये वर्णन केलेली. तिच्या आधीची पट्टी मागून काढा, क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचं अंतर) लांबलेला सापडेल. मॅग्नेशियम द्यायचं आणि औषधांची यादी तपासायची, कारण क्यूटी लांबवणारं औषध त्यात असू शकतं.

साधा_वाचक
बुधवार, दुपारी ३:५०

वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण सगळं वाचून काढलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळाने दोनदा 'अनियमित लय' दाखवली. मलाही काही जाणवत नाही. दुर्लक्ष करू का?

हृदयस्थ
बुधवार, रात्री ९:१२

नका करू. घड्याळ एकाच लीडचं असतं, त्यामुळे त्याच्यावरून निदान पक्कं होत नाही, पण एएफ कित्येकांना अजिबात जाणवत नाही आणि त्यातून मेंदूकडे गुठळी जाण्याचा धोका असतो. घड्याळातली ती नोंद जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते पूर्ण बारा लीडचा ईसीजी काढतील. घाम फुटला, चक्कर आली, छातीत दुखलं तर मात्र वाट बघू नका, लगेच निघा.

निशिगंध
बुधवार, रात्री ९:५५

मीही कक्षात नवीन आहे. मध्येच येणारे जादाचे रुंद ठोके, पीव्हीसी, दिसले की माझा जीव वरखाली होतो. प्रत्येक वेळी डॉक्टरांना कळवते. बरोबर करते का?

रात्रपाळी
गुरुवार, पहाटे ४:२०

निशिगंध, कळवण्यात चूक काही नाही, पण सोबत काय कळवायचं ते ठरव. किती येतात, एकाच आकाराचे आहेत की वेगवेगळे, लागोपाठ दोन-तीन येतात का, आधीच्या टी वर येऊन पडतात का, आणि पेशंट कसा आहे, पोटॅशियम-मॅग्नेशियम शेवटचं कधी बघितलं. निरोगी माणसालाही पीव्हीसी येतात.

मी या कामात आले तेव्हाच्या वडीलधाऱ्या सिस्टर सांगायच्या की पूर्वी अटॅकनंतरचा प्रत्येक पीव्हीसी औषधाने दाबायची धडपड असे. मग 'कास्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला, १९८९ ला पहिले निष्कर्ष आले. ठोके दाबले गेले, पट्टी स्वच्छ झाली, आणि औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. पट्टी सुंदर करणं आणि पेशंट बरा करणं यात फरक आहे, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

इंटर्न_अजून
गुरुवार, सकाळी ८:३०

यंत्र वरच्या कोपऱ्यात निदान छापून देतं, त्याचं काय? आमच्यातले काही जण तेच वाचून पुढे जातात.

तंत्रज्ञ_केतकी
गुरुवार, सकाळी ८:४८

मी ती ओळ घडी घालून आत दुमडते आणि मगच कागद डॉक्टरांपुढे ठेवते, त्यांनीच तसं सांगितलं आहे. आधी स्वतः वाचायचं, मग घडी उघडायची. यंत्र अंतरं चांगली मोजतं, पण हात थरथरला की एएफ छापतं, आणि पेसमेकरचे बारीक खिळे त्याच्या नजरेतून सुटतात.

अबोली
शनिवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. कोऱ्या कागदाचा एक तुकडा आता कायम खिशात असतो.

काल रात्रीची पट्टी सांगते, तुम्हीच बघा. बाई साठीच्या, झोपलेल्या, नाडी हाताला लागते, रक्तदाब ठीक. गती ७५, आर ते आर बरोबर चार मोठी घरं, म्हणजे ०.८० सेकंद. पीआर ०.१६, कायम तेवढाच. क्यूआरएस अरुंद. सगळं नियमित, आणि मध्येच एक रिकामी जागा. नंतर पुन्हा पूर्ववत. सहा सेकंदांत एकदा, पुढच्या पट्टीत दोनदा. अलार्मने 'ठोका गळला' असं दाखवलं. बरोबरची सिस्टर म्हणाली मोबित्झ टू, डॉक्टरांना उठव. मी पाच मिनिटं मागितली आणि मोजायला बसले.

चौकोनी_वही
शनिवार, दुपारी ४:२२

रिकाम्या जागेची लांबी किती भरली? ०.८० च्या बरोबर दुप्पट?

अबोली
शनिवार, दुपारी ४:३०

नाही. सदतीस छोटी घरं, १.४८ सेकंद. दुप्पट असती तर चाळीस भरली असती. आणि मोबित्झ टू असेल तर गळलेल्या ठोक्याच्या जागी पी वेळेवर यायला हवी. कागद सरकवला, खुणेवर काहीच नव्हतं.

रात्रपाळी
शनिवार, दुपारी ४:४१

रिकाम्या जागेत नको शोधूस. तिच्या लगेच आधीची टी बघ. बाकीच्या टी शेजारी ठेवून बघ.

इंटर्न_अजून
शनिवार, दुपारी ४:४४

काखेत कळसा आणि गावाला वळसा?

अबोली
शनिवार, दुपारी ५:१०

हो! काल रात्रीच दिसली, पण तुमच्याकडून ऐकायचं होतं म्हणून थांबले. बाकी सगळ्या टी गोल, गुळगुळीत. रिकाम्या जागेआधीची तेवढी जरा उंच आणि माथ्यावर एक बारीक टोक. तिन्ही रिकाम्या जागांपुढे तसंच. व्ही वन लावून पुन्हा पट्टी काढली, तिथे ते टोक आणखी ठळक दिसलं. वेळेआधी आलेली पी टी वर बसली होती. खालचा रस्ता अजून मोकळा झाला नव्हता म्हणून क्यूआरएस आलाच नाही, आणि ठोके सुरू करणाऱ्या मूळच्या सायनस नोडची मोजणीही तिथून नव्याने सुरू झाली, म्हणून दुप्पट भरली नाही.

हृदयस्थ
शनिवार, रात्री ८:५०

अबोली, नेमकं. ब्लॉक झालेला पीएसी, म्हणजे वरच्या कप्प्यांतला वेळेआधीचा ठोका खाली पोचलाच नाही. अनपेक्षित रिकाम्या जागेचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, आणि वरच्या श्रेणीचा ब्लॉक समजून पेसमेकरपर्यंत चर्चा गेलेली मी पाहिली आहे. डॉक्टरांना काय कळवलंत?

अबोली
शनिवार, रात्री ९:२६

उठवलं नाही, पण सकाळपर्यंत लपवूनही ठेवलं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पट्टीचा फोटो पाठवला आणि नोंदवहीत लिहिलं: 'सायनस लय, गती ७५, पीआर ०.१६, क्यूआरएस अरुंद. मधूनमधून १.४८ सेकंदांची जागा, आधीच्या टी वर वेळेआधीची पी. नाडी व रक्तदाब ठीक, पेशंट झोपेत.' नाव शेवटी लिहिलं, ब्लॉक झालेला पीएसी, आणि पुढे प्रश्नचिन्ह दिलं.

राउंडला डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. टिंबं मी आधीच देऊन ठेवली होती. त्यांनी पेन काढलं, ते प्रश्नचिन्ह खोडलं आणि पट्टी फाइलला लावली.